ऑप्टिमायझर सोडा, बाकीचं घ्या: चुनखडीच्या खाणीत चार वर्षं वापरलेलं सॉफ्टवेअर

आमच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात मखमली अस्तराची एक काळी डबी आहे. तिच्यात प्लॅनिमीटर. नव्या मुलांना हे काय आहे ते समजावून सांगावं लागतं. नकाशावरच्या वेड्यावाकड्या आकृतीच्या कडेवरून त्याचं टोक फिरवायचं, चाकावरचा आकडा वाचायचा, क्षेत्रफळ हातात. शेजारच्या दोन सेक्शनांची, म्हणजे उभ्या छेदांची, क्षेत्रफळं काढायची, त्यांची सरासरी, गुणिले मधलं अंतर, गुणिले दगडाची घनता, झाले टन. सव्वीस वर्षं मी माइन सर्व्हेअर आहे आणि त्यातली पहिली बरीचशी वर्षं या डबीवर गेली. हल्ली याच डबीत खाणीच्या प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरचा डोंगल ठेवतो, म्हणजे जो कॉम्प्युटरला लावल्याशिवाय ते उघडतच नाही. तो हरवला तर नवा मिळेपर्यंत खाणीचं प्लॅनिंग बंद, आणि डबी कुणी उचलून नेत नाही.

आधी माझी खाण कोणती ते सांगतो, म्हणजे माझं मत कुठे लागू पडतं आणि कुठे नाही हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल. चंद्रपूर जिल्ह्यातला कोरपना तालुका, सिमेंट कारखान्याची चुनखडीची ओपनकास्ट, म्हणजे उघडी खाण. वर काळी माती, खाली जवळपास आडवे थर. लीज ढोबळमानाने दोन किलोमीटर बाय दीड किलोमीटर, खोली ऐंशी मीटरपर्यंत जायची आहे. सोनं नाही, तांबं नाही, कोळशासारखा वर-खाली जाणारा सीम, म्हणजे थरही नाही. कंपनीचं आणि पॅकेजचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि विक्रेत्याशी एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) बोलणी अजून चालू आहेत. शिवाय या जातीची सगळी पॅकेजेस आतून एकमेकांची चुलत भावंडंच. फार तर कोळशावाल्यांची गोष्ट थोडी वेगळी, त्यांना थरांसाठी बनवलेलं लागतं, माइनेक्स या पॅकेजचं नाव त्यांच्याच तोंडी जास्त.

आम्ही घेतलं ते असं: सर्व्हेचा मूळ भाग, बोअरहोल डेटाबेस, ब्लॉक मॉडेल, पिट डिझाइन, शेड्युलिंग आणि ऑप्टिमायझर, म्हणजे कुठवर खणलं तर फायदा सगळ्यात जास्त ते काढणारा भाग. शेवटचं सगळ्यात महाग. त्याच्याकडे येतोच.

डेमोमध्ये तुम्हाला रंगीत खड्डा गोल फिरवून दाखवतात. आमच्या जीएमसाहेबांनी तो तीनदा फिरवायला लावला होता. त्या खड्ड्याच्या आधी किती मरमर आहे हे डेमोवाला सांगत नाही. आमचे पहिले दोन महिने नुसते जुने बोअरहोल लॉग, म्हणजे कुठल्या भोकात किती खोलीवर काय लागलं त्याच्या नोंदी, टाइप करण्यात गेले. काही टंकलिखित, काही बॉलपेनने, एकदोन पानांवर चहाचे गोल. सगळं भरून पहिल्यांदा पडद्यावर आणलं, तर एका कोपऱ्यातले सहा होल जमिनीच्या पोटात लटकत होते, पृष्ठभागाच्या १४० मीटर खाली. विक्रेत्याच्या माणसाला वाटलं सॉफ्टवेअरची गडबड. मी आकडे पाहिले आणि हसूच आलं. त्या काळी त्या कोपऱ्यात एका दगडावर खूण करून त्याची उंची शंभर मीटर धरली होती आणि सगळी लेव्हल त्यावरून घेतली होती. समुद्रसपाटीपासून ती जागा साधारण २४० मीटरवर आहे. हे मला ठाऊक, कारण तो दगड मी पाहिलेला. नव्या माणसाने ते सहा होल खराब डेटा म्हणून काढून टाकले असते.

दुसरी गोष्ट याहून वाईट, कारण ती दिसत नाही. जिथे सॅम्पल लॅबला गेलंच नव्हतं तिथे लॉगमध्ये रकाना कोरा होता. एक्सेलमधून आणताना कोऱ्या रकान्याचं शून्य झालं. म्हणजे सीएओ, दगडातला चुना, शून्य टक्के. मॉडेलने इमानदारीने ते शून्य आजूबाजूच्या ४४ टक्क्यांत मिसळलं आणि चांगल्या दगडाच्या मधोमध एक निळा डाग उमटला. आमची नवी जिऑलॉजिस्ट मुलगी आठवडाभर त्या डागाला शेल, म्हणजे मातकट दगड, म्हणत होती. तिच्या म्हणण्यात तथ्य वाटावं असाच तो दिसत होता, लांबट आणि तिरका. शेवटी फेसवर, म्हणजे खणायच्या उघड्या भिंतीपाशी, जाऊन हातोडीने तुकडा पाडला, ॲसिडचा थेंब टाकला, फसफसून उठला. चुनखडीच होती. तेव्हापासून कोऱ्या रकान्यात उणे ९९ लिहायचं आणि गणिताआधी ते गाळायचं, असा आमच्याकडे नियम आहे. पॅकेजने निदान एक इशारा द्यायला हवा होता. देत नाही. याचा अर्धा गुण कापतो.

आता ब्लॉक मॉडेल. जमिनीचे विटांसारखे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक विटेला सीएओ, एमजीओ (मॅग्नेशिया), सिलिका असे आकडे चिकटवायचे. आमची बेंच, म्हणजे खणतानाची एक पायरी, आठ मीटरची. मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स १९६१ मध्ये कठीण दगडात सहा मीटरच आहेत, वर जायचं तर डीजीएमएसची (खाण सुरक्षा महासंचालनालयाची) परवानगी काढावी लागते, ती आमच्याकडे आहे. म्हणून ब्लॉक १० बाय १० बाय ८. घनता अडीच धरली तर एक ब्लॉक बरोबर दोन हजार टन, म्हणजे साठ टनी डंपरच्या तेहेतीस-चौतीस खेपा. हा आकडा मला फार आवडतो. पडद्यावरच्या चौकोनाकडे बोट दाखवून शिफ्ट इनचार्जला सांगता येतं की बाबा रे, हा तुझा अर्धा दिवस.

संपूर्ण लीजमध्ये असे तीन लाख ब्लॉक होतात, आणि साधा ऑफिसचा कॉम्प्युटर ते सहज पेलतो. जिऑलॉजिस्ट मुलीला वाटलं, बारीक केलं तर अचूक येईल. तिने एका संध्याकाळी २ बाय २ बाय २ टाकून रन लावला आणि बस पकडून घरी गेली. तीन लाखांचे तीन कोटी झाले. सकाळी मशीन तापून गप्प. तिला मी रागावलो नाही, एवढंच विचारलं, की आपले होल एकमेकांपासून दीडशे-दोनशे मीटरवर, मग मधल्या दोन मीटरच्या विटेतलं तुला कुणी येऊन सांगितलं? ही चूक शिकलेली माणसंच करतात, आणि पॅकेज त्यांना अडवत नाही. ट्रेनिंगमध्ये दोन दिवस क्रिगिंगवर गेले होते, म्हणजे होलच्या आकड्यांवरून मधल्या विटांचे आकडे संख्याशास्त्राने काढण्यावर. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत काम केलेल्या डॅनी क्रिग यांच्या नावावरून पडलेली ती पद्धत, आणि सोन्यासारख्या लहरी मालाला ती हवीच. आमच्या आडव्या थरांवर साध्या इन्व्हर्स डिस्टन्सने (जवळच्या होलला जास्त वजन, लांबच्याला कमी) आलेले आकडे आणि क्रिगिंगचे आकडे शेजारी ठेवले, तर क्रशरला कळावा असा फरक मला दिसला नाही.

पिट डिझाइनवर मात्र जास्त बोलायचं आहे, कारण तिथे सॉफ्टवेअर सगळ्यात सुंदर दिसतं आणि तिथेच डोळे उघडे ठेवावे लागतात. तळाची रेघ काढा, बेंचची उंची, उताराचा कोन, बर्मची (दोन बेंचमधल्या सपाट पट्टीची) रुंदी सांगा, की टो आणि क्रेस्टच्या, म्हणजे पायथ्याच्या आणि माथ्याच्या रेघा एकावर एक आपोआप वर चढत येतात. पूर्वी हे ट्रेसिंगवर आठवडाभराचं काम होतं, आणि एका बेंचची रुंदी बदलली की रबर घेऊन पुन्हा पहिल्यापासून. आता कोन बदलायचा आणि चहा पिऊन यायचं. एवढ्या एका सोयीसाठी मी या पॅकेजला बाकीचं पुष्कळ माफ करतो.

रॅम्पचं, म्हणजे खड्ड्यात उतरणाऱ्या रस्त्याचं, तसं नाही. आमचा डंपर पाच मीटर रुंद. हॉल रोड, म्हणजे डंपरचा रस्ता, सगळ्यात मोठ्या गाडीच्या तिप्पट रुंद हवा, म्हणून पंधरा मीटर. चढ सोळाला एक, म्हणजे सोळा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. हे दोन आकडे दिले, खड्ड्याच्या एका टोकाला गाडी उलटी फिरावी असं वळण दाखवलं, मधल्या रेषेची त्रिज्या वीस मीटर. पॅकेजने क्षणात रस्ता काढला आणि हिरवी खूण दिली, सगळीकडे सोळाला एक, नियमात. प्रिंट काढली, सही झाली, रस्ता पडला.

पहिल्याच आठवड्यात डंपरचा एक जुना ऑपरेटर ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. बूट बाहेर काढले नाहीत यावरूनच कळलं की रागात आहे. म्हणाला, “सायेब, तुमच्या कंप्युटरले म्हना, एकडाव भरली गाडी घेऊन ह्या मोडीवरून चढून दाखव.”

संध्याकाळी कागद घेऊन बसलो. अर्ध्या वर्तुळाचं वळण, मधल्या रेषेवर लांबी सुमारे ६३ मीटर, तेवढ्यात चढ जवळजवळ चार मीटरचा. ठीक. पण रस्ता पंधरा मीटर रुंद, म्हणजे आतल्या कडेची त्रिज्या साडेबारा. तिथे तेच चार मीटर चढायला लांबी उरते फक्त ३९ मीटर. गणित मांडा: दहाला एक! बाहेरच्या कडेला बावीसला एक. आपल्याकडे गाडी डावीकडून, वळण डावीकडे, आणि भरलेली गाडी वर येणारी. म्हणजे ओझ्याची गाडी नेमकी दहाला एकच्या बाजूला. पॅकेज खोटं बोललं नव्हतं. मधल्या रेषेवर सोळाला एकच होतं. बाकीच्या रस्त्याबद्दल आम्ही विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं. उपाय जुनाच, घाटातले रस्ते करणाऱ्या कोणाही ओव्हरसिअरला ठाऊक असलेला: वळण सपाट ठेवायचं, चढ वळणाच्या आधी आणि नंतर. त्यासाठी सरळ भागात ६३ मीटर रस्ता वाढवावा लागला, आणि तेवढ्यासाठी एका बाजूची भिंत मागे सरकवली. हे दुरुस्त करायला पॅकेजमध्ये दीड तास लागला, हेही सांगायला हवं. ट्रेसिंगवर असतो तर मी कदाचित ऑपरेटरलाच समजावत बसलो असतो की गाडी जरा दमाने घे.

वसुली झाली ती शेड्युलिंगमध्ये. कारखान्याला रोज एकसारखा दगड लागतो. आयएस २६९ या बीआयएसच्या भारतीय मानकात सिमेंटला मॅग्नेशियाची सहा टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे भट्टीवाले एमजीओच्या नावाने आधीच घाबरलेले. सीएओ ४४ च्या आसपास मागतात. उत्तरेच्या फेसवर ४६, दक्षिणेला ४०. उत्तरेचे दोन डंपर, दक्षिणेचा एक, सरासरी ४४. हे गणित मुकादमही तोंडी करतो. अडचण अशी की मुकादम आजचा दिवस पाहतो. उत्तरेचा चांगला दगड ओढून ओढून संपला की दक्षिणेचा ४० टक्क्यांचा माल कुणाबरोबर मिसळायचा? मग तो सबग्रेड, म्हणजे कमी प्रतीचा, म्हणून वेगळ्या ढिगावर टाकायचा आणि पुढच्या माणसाने त्याच्या नावाने बोटं मोडायची. सॉफ्टवेअरने पाच वर्षांचं वेळापत्रक तिमाहीवार मांडलं तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट दिसलं की आम्ही तिसऱ्या वर्षी अडकणार होतो. उत्तरेची एक बेंच राखून ठेवली, दक्षिणेचं उघडणं सहा महिने अलीकडे ओढलं. ते राखलेलं पुरलं. मला या पॅकेजचं एकच मॉड्यूल ठेवू दिलं, तर मी हे ठेवीन.

पण इथेही एक किस्सा. पहिल्या वेळापत्रकात दुसऱ्या वर्षी ज्या तुकड्यावर शॉव्हेल लावायची होती तो तुकडा लीजमध्ये होता, मॉडेलमध्ये होता, ४५ टक्क्यांचा होता. फक्त तो गट नंबर अजून कंपनीने विकत घेतलेला नव्हता. मी मोटरसायकलवरून जाऊन पाहिलं तर कमरेएवढी पऱ्हाटी उभी आणि बांधावर म्हातारा बसलेला. त्याच्याशी बोलायला लागलो तर त्याने आधी जमिनीला काय भाव मिळेल याची चौकशी केली, मग दगडाची. आता मी तलाठ्याकडचा गाव नकाशा मॉडेलवर चढवून घेतलाय. ज्या गटाचा सातबारा कंपनीच्या नावावर नाही त्याचे ब्लॉक लाल, आणि शेड्युलरला सांगून ठेवलंय की लालला हात लावायचा नाही. लीजच्या कडेची साडेसात मीटरची पट्टी, नाला, गावाकडचा रस्ता, सगळं असंच हाताने शिकवावं लागतं. त्यात आणखी मजा म्हणजे गावांची नावं देवनागरीत टाकली की चौकोन चौकोन उमटतात. नकाशावर सगळी गावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये लिहावी लागतात आणि प्रत्येक शीटवर ती वेगळी.

आता ऑप्टिमायझर. ही कल्पना जुनी आणि खरोखर हुशार आहे. हेल्मुट लर्च्स आणि इंगो ग्रॉसमन यांनी ती १९६५ साली कॅनडात मांडली. प्रत्येक ब्लॉकला पैशात किंमत द्यायची, मालाला अधिक, मातीला उणे. कोणताही ब्लॉक काढायचा तर त्याच्या डोक्यावरचे सगळे आधी काढावे लागतात. मग नेमके कुठवर खणलं तर बेरीज सगळ्यात मोठी, हे शोधायचं. पुढे १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात जेफ व्हिटल यांनी ते संगणकावर असं बसवलं की भाव थोडा थोडा वाढवत एकात एक बसणारे खड्डे मिळावेत, आणि आधी कुठे हात घालायचा ते कळावं. तांब्याच्या, सोन्याच्या खाणीत, जिथे खोल जावं तसा माल पातळ होतो आणि माती महाग पडते, तिथे यावाचून पान हलत नाही. गोव्यात लोखंडाच्या खाणीवर असलेला माझा एक मित्र याच्यावर जीव टाकायचा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, तेव्हा त्याचे एकात एक बसणारे खड्डे हार्डडिस्कमध्येच राहिले.

आमच्याकडे काय झालं ते ऐका. पहिला प्रश्न त्याने विचारला: मालाचा भाव? चुनखडी आमच्याच कारखान्यात जाते, बाजारात विकत नाही. भाव कुठून आणू? अकाउंट्सकडून एक आकडा मागून घेतला. तो त्यांनी का दिला हे त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं. माती वर दोन-तीन मीटर, खाली सगळा मालच. पंखा अर्धा तास घरघरला आणि उत्तर आलं: सगळं खणा. लीजच्या कडेपासून कडेपर्यंत, तळापर्यंत. भाव निम्मा केला, तरी तेच. हे मला माझ्या मुकादमाने फुकटात सांगितलं असतं. आडव्या थरांच्या चुनखडीत खड्ड्याची हद्द लीज ठरवते, उतार ठरवतो, गावाचा रस्ता ठरवतो. चार वर्षांत आम्ही हे मॉड्यूल दोनदा उघडलं, त्यातलं एकदा पाहुण्यांना दाखवायला.

ड्रोनबद्दल थोडक्यात. एमसीडीआर, म्हणजे खनिज संवर्धन आणि विकास नियमांच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास हेक्टरच्या वरच्या लीजला दरवर्षी ड्रोन सर्व्हे द्यावा लागतो, त्यामुळे तो होतोच. तो पृष्ठभाग पॅकेजमध्ये आणून मागच्या वेळच्या पृष्ठभागातून वजा केला की वर्षाचं उत्खनन मिळतं. आता आम्ही महिन्याचंही तसंच काढतो. पूर्वी टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र घेऊन ढिगांवर तीन दिवस चढ-उतार, मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात. ते वाचलं याचं मोल पैशात सांगता येणार नाही. फक्त उडवताना गाड्या बाहेर काढा. पहिल्या महिन्यात फेसपाशी उभे असलेले डंपर आमच्या हिशेबात छोट्या टेकड्या म्हणून आले होते. ड्रोनचे नकाशे, कंटूर, लीजची हद्द एवढंच हवं असेल तर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि उत्तम आहे. लहान खाणवाल्यांनी लाखो रुपये घालण्याआधी त्यावर सहा महिने हात बसवावा.

सर्व्हिस अगदीच यथातथा. ट्रेनिंगचं उदाहरण सोन्याच्या खाणीचं, त्यात कट-ऑफ, म्हणजे ज्याच्या खालचा माल सोडून द्यायचा तो आकडा, एकच. आमच्याकडे सीएओ खाली नको आणि एमजीओ वर नको, दोन्ही एकदम. हे कसं मांडायचं विचारलं तर शिकवणारा मुलगा म्हणाला, मेल करा. मेलचं उत्तर नवव्या दिवशी आलं आणि त्यात मॅन्युअलचं पान जोडलेलं. तो मुलगा हुशार होता, कधी खाणीत उतरला नव्हता एवढंच. शेवटी जिऑलॉजिस्ट मुलीनेच दोन अटींचं सूत्र लिहून काढलं, आणि आता विक्रेता ते दुसऱ्या गिऱ्हाइकांना देतो असं कानावर आलंय. एएमसी दरवर्षी, आणि एक वर्ष चुकवली तर मागचीही भरून घेतात.

घेणार असाल तर डेमोच्या दिवशी त्यांचा खड्डा पाहू नका. आपले वीस-पंचवीस बोअरहोल आणि एक गाव नकाशा पेनड्राइव्हवर न्या आणि म्हणा, हे आमच्यासमोर भरून दाखवा. निम्मे विक्रेते पुढच्या आठवड्यात येतो म्हणतील. जो बसेल त्याच्याशी भावाचं बोला. चुनखडी असेल तर ऑप्टिमायझर काढून टाकायला सांगा आणि त्या पैशात दुसरा डोंगल मागा.

पाचपैकी साडेतीन. नव्या वर्षाच्या इंडेंटवर (खरेदीच्या मागणीपत्रावर) मी ऑप्टिमायझरच्या ओळीवर काट मारून फाइल वर पाठवली होती. जीएमसाहेबांनी काटेवर काट मारून परत पाठवली, मार्जिनमध्ये पेन्सिलने: व्हिजिटला लागतं.